स्मुर्णाचे बिशप पोलिकार्प

पुनरुत्थानाचा सण दरवर्षीं निराळ्या तारखेस कां येतो, असा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस पुष्कळ वेळां विचारतात. त्याचें उत्तर दुसऱ्या शतकांतील एका साधुपुरुषाच्या चरित्रांत सांपडतें. म्हणून तें आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

पोलिकार्प हे आशिया प्रांतांतील स्मुर्णा नगराचे बिशप होते. हें नगर आज तुर्कस्तानांत इझमीर या नांवानें प्रसिद्ध आहे. पोलिकार्प यांस प्रभूचा शिष्य योहान याचा सहवास घडला होता, असें इरेनियस यांनीं लिहून ठेविलें आहे. इरेनियस यांनीं बालपणीं त्यांचा उपदेश स्वतः ऐकला होता.

मिसर देशांतील दास्यांतून इस्राएल लोकांची सुटका झाली, तिच्या स्मरणार्थ निसान महिन्याच्या 14 व्या दिवशीं कोंकरूं वधावें, अशी आज्ञा निर्गमाच्या 12 व्या अध्यायांत आहे. हाच वल्हांडण सण. प्रभूचें मरण याच सणाच्या वेळीं झालें; म्हणून पौलानें करिंथकरांस लिहितांना ख्रिस्तास आपल्या वल्हांडणाचा यज्ञपशु म्हटलें आहे. आशियांतील मंडळ्या, वार कोणताहि असो, निसानच्या 14 व्या तिथीसच सण पाळीत. रोमची मंडळी मात्र, प्रभु आठवड्याच्या पहिल्या दिवशीं उठला म्हणून, रविवारीं तो पाळी. दोघींसहि शास्त्राचा आधार होता.

इ. स. 155 च्या सुमारास वृद्ध पोलिकार्प रोमास गेले व तेथील बिशप अनिसेटस यांच्याशीं त्यांनीं या विषयावर बोलणें केलें. कोणीहि आपली रीत सोडली नाहीं. तरीहि अनिसेटस यांनीं प्रभुभोजनाचा विधि चालविण्याचा मान पोलिकार्प यांस दिला, आणि दोघांनीं शांतीनें एकमेकांचा निरोप घेतला.

पुढें स्मुर्णांत छळ झाला. ज्या प्रभूची 86 वर्षें सेवा केली, त्यास नाकारण्याचें पोलिकार्प यांनीं साफ अमान्य केलें व अग्निस्तंभापाशीं प्राण दिला. त्यांचा मृत्युदिन हाच त्यांचा जन्मदिन मानून दरवर्षीं आनंदानें एकत्र जमण्याचा संकल्प स्मुर्णाच्या मंडळीनें केला. रक्तसाक्ष्यांचे सण पाळण्याच्या प्रथेचा हा फार जुना दाखला होय. पाश्चात्य मंडळींत त्यांचा सण 23 फेब्रुवारीस येतो.

इ. स. 190 च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर आशियांतील मंडळ्यांशीं संबंध तोडूं लागले, तेव्हां इरेनियस यांनीं त्या जुन्या भेटीचीच आठवण त्यांस दिली. पुढें 325 सालीं नायसियाच्या परिषदेनें सर्वांनीं एकाच रविवारीं सण पाळावा असें ठरविलें. वसंतसंपाताच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा नियम त्यांतूनच रूढ झाला. म्हणून तारीख चंद्राबरोबर मागेंपुढें होते.

ज्यानें मरून व उठून आपला समेट केला, त्याच्या सणावरून भांडणें म्हणजे सणाचा अर्थच गमावणें होय. मुलांनो, पोलिकार्प यांनीं मतहि सोडलें नाहीं व बंधुप्रीतिहि सोडली नाहीं, हें नित्य ध्यानांत धरा.