चार्ल्स डार्विन

इंग्लंडातील श्रूझबरी या गावी १२ फेब्रुवारी १८०९ रोजी चार्ल्स डार्विन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील नामांकित डॉक्टर होते. मुलानेही तोच व्यवसाय करावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्या काळी रुग्णाला भूल न देताच शस्त्रक्रिया करीत. ते दृश्य चार्ल्स यांना पाहवेना. त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सोडला. त्यांचे मन किडे व शिंपले गोळा करण्यातच रमे. मुलगा आयुष्य वाया घालवणार, अशी चिंता वडिलांना वाटू लागली.

१८३१ साली ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासास जाण्याची संधी आली. वडिलांनी विरोध केला. परंतु मामांनी रदबदली केल्यावर त्यांनी संमती दिली. बोट लागून डार्विन हैराण होत. तरीही सुमारे पाच वर्षे त्यांनी आपले काम नेटाने चालविले.

दक्षिण अमेरिकेत असताना, प्रवाळभित्ती पाहण्यापूर्वीच, त्यांना एक कल्पना सुचली. बेट हळूहळू खचत जाते, त्याभोवतीची पोवळी वर वाढत राहतात आणि शेवटी पोवळ्यांचे कडेच तेवढे उरते! ही कल्पना खरी की केवळ मनाचा खेळ? एप्रिल १८३६ मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर ती पारखण्याची वेळ आली. मुक्काम थोड्याच दिवसांचा होता. चरबी लावलेले शिशाचे वजन समुद्रात सोडण्यात आले. उथळ पाण्यात चरबीवर जिवंत पोवळ्यांचे ठसे उमटत. खोलवर मात्र वाळूच चिकटून येई. पोवळी उथळ पाण्यातच वाढतात, हे त्यावरून दिसले.

डार्विन यांची दृष्टी माशांकडेही वळली. तेथे निळसर हिरव्या पोपटमाशांच्या दोन जाती होत्या. एक जात बेटाच्या आतील संथ सरोवरात राही, तर दुसरी बाहेर फुटणाऱ्या लाटांत. दोन्ही पोवळी कुरतडत. काही मासे चिरून पाहता त्यांची आतडी चुन्याच्या गाळाने भरलेली आढळली. असे बहुतेक मासे मुख्यत्वे पोवळ्यांवरील शेवाळ खरवडतात आणि त्यांनी दळलेल्या चुन्याची वाळू बनते, हे आता आपल्याला ठाऊक आहे. लाटांचा जोर, पाण्याची खोली, अन्न व आसरा पाहून प्रत्येक जात आपली जागा धरते.

१८४२ साली त्यांचा प्रवाळभित्तींवरील ग्रंथ व १८५९ साली जीवजातींच्या उत्पत्तीवरील जगप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९५२ साली पॅसिफिक महासागरातील एनेवेटक बेटावर खोल छिद्रे पाडण्यात आली, तेव्हा हजार मीटरांहून जाड प्रवाळी चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विन यांचे अनुमान खरे ठरले. कोणता जीव कोठे राहतो आणि तेथेच का राहतो, हे बारकाईने पाहण्याची सवय हेच त्यांचे खरे धन होते.