गॅलिलिओ आणि तिरका फेकलेला चेंडू: अँग्री बर्ड्सच्या टिंबांमागचा माणूस

अँग्री बर्ड्समध्ये गलोल ओढून पक्षी सोडला की तो गेला त्या वाटेवर टिंबं उमटतात, आठवतंय? आधी वर चढणारी, मग वळून खाली येणारी रेषा. ही रेषा नेमकी तशीच का असते, हे ज्याने शोधलं त्या माणसाची गोष्ट आज सांगणार आहे. पण त्याआधी माझी स्वतःची फजिती ऐका.

मी अकरावी सायन्सच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. पहिल्याच वर्षी प्रोजेक्टाइल मोशन शिकवताना फळ्यावर झकास आकृती काढली, साइन-कॉस लिहिलं, रेंजचं सूत्र काढून दाखवलं. मुलांनी गणितं पटापट सोडवली. मी खूश! तास संपताना सहज विचारलं, की तिरका फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचतो त्या क्षणी त्याचा वेग किती असतो? अख्ख्या वर्गाने एका सुरात शून्य असं उत्तर दिलं.

उत्तर चुकीचं आहे. पण मुलांवर रागावणार कसा? अकरावीत असताना मीही हेच उत्तर दिलं होतं, तेही सूत्रं पाठ असताना. पुढे गॅलिलिओबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं, की हा गोंधळ फक्त आमच्या वर्गातला नाही. युरोपातले भलेभले यात अडकले होते आणि तो सोडवून छापायला गॅलिलिओचं जवळजवळ अख्खं आयुष्य गेलं.

डॉक्टरकी सोडलेला मुलगा

गॅलिलिओ गॅलिली जन्मला १५ फेब्रुवारी १५६४ रोजी, इटलीतल्या पिसा शहरात. वडील व्हिन्चेन्झो संगीतकार. तारेचा ताण बदलला की सूर कसा बदलतो, हे ते प्रत्यक्ष तारा ताणून तपासायचे. मोठ्यांनी सांगितलं म्हणून मानायचं नाही, करून बघायचं, ही सवय पोराला घरातूनच लागली.

वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल! पिसा विद्यापीठात त्याचं नाव वैद्यकीला घातलं, पण जीव जडला गणितावर. १५८५ मध्ये तो डिग्री न घेताच बाहेर पडला. तरी १५८९ मध्ये त्याच विद्यापीठात गणित शिकवायला लागला आणि १५९२ मध्ये पादुआला गेला. तिथे तो १८ वर्षं राहिला.

पगार होता, पण पुरत नव्हता. वडील वारले होते आणि बहिणींच्या हुंड्याचा भार याच्यावर आला होता. म्हणून तो चक्क ट्यूशन घ्यायचा. श्रीमंत घरातली मुलं त्याच्या घरी राहून शिकायची. पुढे सैन्यात जाणाऱ्या या मुलांना किल्ल्यांची बांधणी आणि तोफांचं गणित हवं असायचं. त्यासाठी त्याने एक हिशेबाचं यंत्रही बनवून विकलं. म्हणजे तोफेचा गोळा कसा जातो, हा प्रश्न त्याच्यासाठी रोजच्या शिकवण्यातला होता.

त्या काळी काय शिकवायचे?

तार्ताग्लिया नावाच्या इटालियन गणितज्ञाने १५३७ मध्ये तोफेच्या गोळ्यावर पुस्तक लिहिलं होतं. त्यातल्या आकृतीत गोळा आधी सरळ रेषेत जातो, मग थोडा वळतो आणि शेवटी सरळ खाली पडतो. मागची कल्पना अशी, की दारूने दिलेला जोर आहे तोवर गोळा पुढे जाणार, जोर संपला की पडणार. एका वेळी एकच काम.

आता माझ्या वर्गाचं उत्तर आठवा. वर पोचला म्हणजे जोर संपला, म्हणजे वेग शून्य. कल्पना तीच! ४५ अंशांना पल्ला सगळ्यात जास्त मिळतो, हे तार्ताग्लियाने बरोबर सांगितलं होतं. पण रेषा खरी कशी आहे, हे कोडं तसंच राहिलं.

१५९२ च्या सुमारास गॅलिलिओ आणि त्याचा जाणकार मित्र ग्विदोबाल्दो देल मोन्ते यांच्यामध्ये एक साधा प्रयोग आला. शाईत बुडवलेला गोळा छपरासारख्या उतरत्या फळीवर तिरका फेकायचा. गोळा जाताना शाईची रेघ मागे ठेवतो. रेघ बघितली तर चढती बाजू आणि उतरती बाजू सारखीच! कुठेही सरळ तुकडा नाही. अँग्री बर्ड्सची टिंबं, फक्त शाईची.

स्लो-मोशन, पण कॅमेऱ्याशिवाय

आकार तर दिसला. पण तसाच का? त्यासाठी आधी वस्तू खाली पडते कशी, हे कळायला हवं. पडणं इतकं झटकन होतं, की मोजणार कसं? सेकंद मोजणारं घड्याळही तेव्हा हाताशी नव्हतं. गॅलिलिओने युक्ती केली. लांब लाकडी तुळईत गुळगुळीत खोबण करून ती थोडी तिरकी ठेवली आणि तिच्यातून कांस्याची गोळी सोडली. उतारावरून घरंगळणं म्हणजे पडणंच, पण हळू. तुमच्या फोनमधला स्लो-मोशन मोड हेच करतो. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी गोळा करून त्याने त्याचं वजन केलं.

हिशेब असा निघाला: सारख्या वेळाच्या तुकड्यांमध्ये गोळी १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. म्हणजे एकूण अंतर १, ४, ९, १६ असं वाढतं.

पुढची पायरी १६०८ च्या सुमाराची. ती त्याच्या हस्तलिखितातल्या एका कागदावर आहे. उतारावरून आलेली गोळी त्याने टेबलाच्या कडेवरून आडवी उडू दिली आणि ती जमिनीवर किती लांब पडते ते मोजलं. आधी हिशेब केला, मग मोजमाप. एका वेळी हिशेबाने १४६० यायला हवं होतं, प्रत्यक्षात आलं १५००. त्याने फरक ४० असं लिहून ठेवलं. हे आकडे तेव्हाच्या एका छोट्या मापात आहेत, जेमतेम एक मिलिमीटरचं माप. मला हा कागद फार आवडतो. फरक त्याने लपवला नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत रीडिंग जुळवणाऱ्यांनी लक्षात घ्या!

खरा शोध काय होता?

टेबलावरून सुटलेली गोळी एकाच वेळी दोन कामं करते. आडवी ती त्याच वेगाने पुढे जात राहते, कारण तिला आडवं अडवणारं काही नाही (हवेचा अडथळा सोडला तर). उभी ती १, ४, ९ च्या हिशेबाने पडत राहते. दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही जोडून जी रेषा होते ती पॅराबोला, मराठीत अन्वस्त किंवा परवलय.

मग तिरका फेकलेला चेंडू? गॅलिलिओने तो टेबलाच्या गोळीवरूनच समजावला. टेबलावरून पडणाऱ्या गोळीचा व्हिडिओ उलटा चालवा, म्हणजे खालून तिरकं वर येणं. त्याला सुलटा व्हिडिओ जोडा, म्हणजे वरून तिरकं खाली जाणं. झाला पूर्ण फेक! आणि जोड कुठे आहे? बरोबर वरच्या टोकाला. तिथे गोळी टेबलाच्या कडेवर आहे, म्हणजे ती आडवी पळते आहे. उभा वेग शून्य, आडवा वेग जसाच्या तसा. वेग शून्य असता तर चेंडू तिथून सरळ खाली पडला असता.

हे वाचल्यापासून मी धडा उलटा शिकवतो. आधी टेबलावरचं नाणं, मग वरचं टोक, साइन-कॉस सगळ्यात शेवटी.

आता आकडे बघू. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने फेकला आणि गुरुत्वाकर्षणाचं त्वरण १० धरलं, तर:

३० अंशांना: आडवा वेग १७.३, उभा वेग १०. चेंडू २ सेकंद हवेत. पल्ला ३४.६ मीटर.
४५ अंशांना: दोन्ही वेग १४.१. हवेत २.८३ सेकंद. पल्ला ४० मीटर.
६० अंशांना: आडवा वेग १०, उभा वेग १७.३. हवेत ३.४६ सेकंद. पल्ला पुन्हा ३४.६ मीटर!

४५ पेक्षा जितका कोन कमी, तितकाच जास्त घेतला तरी पल्ला तोच. एकात वेग जास्त पण वेळ कमी, दुसऱ्यात वेळ जास्त पण वेग कमी. हेही गॅलिलिओने सिद्ध केलं.

मग छापायला इतकी वर्षं का?

कारण १६०९ मध्ये त्याच्या हातात दुर्बीण आली. १६१० च्या जानेवारीत त्याला गुरूचे चंद्र दिसले, जगभर नाव झालं आणि गतीचे कागद बाजूला पडले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या बाजूने लिहिलेलं त्याचं पुस्तक १६३२ मध्ये आलं आणि रोमहून चौकशीचं बोलावणं आलं.

त्याच वर्षी आणखी एक घाव बसला. त्याच्याच परिवारातल्या काव्हालिएरी या गणितज्ञाने आपल्या पुस्तकात पॅराबोलाचा नियम छापून टाकला. गॅलिलिओला फार लागलं. चाळीसहून जास्त वर्षांची मेहनत, आणि तिचं पहिलं फूल दुसऱ्याने तोडलं, अशी त्याची भावना होती. काव्हालिएरीने माफी मागितली. त्याला वाटलं होतं, की हे गॅलिलिओने आधीच कुठेतरी छापलं आहे. नोट्स पूर्ण करायला टाळाटाळ करणाऱ्यांना हे दुःख कळेल.

२२ जून १६३३ रोजी ६९ वर्षांच्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपली मतं सोडायला लावली. पुस्तकावर बंदी आली. पुढचं आयुष्य फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावी नजरकैदेत. १६३४ मध्ये लाडकी मुलगी मारिया चेलेस्ते गेली. दृष्टी जाऊ लागली.

या अवस्थेत त्याने गतीचे जुने कागद पुन्हा काढले. नवीन पुस्तक लिहिलं, तीन माणसांच्या चार दिवसांच्या गप्पांच्या रूपात. एक समजावणारा, एक हुशार श्रोता आणि एक जुन्या मताला धरून शंका काढणारा. आमच्या वर्गातला शून्य म्हणणारा तो हाच! चौथा दिवस फेकलेल्या वस्तूंचा. हस्तलिखित हॉलंडमधल्या लायडनला पोचलं आणि १६३८ मध्ये एल्झेव्हिर या प्रकाशकाने छापलं. ते आपल्या इच्छेविरुद्ध छापलं गेलं, असा आव गॅलिलिओने आणला, नाहीतर पुन्हा संकट होतं. पुस्तक निघालं तेव्हा तो ७४ वर्षांचा होता आणि पूर्ण आंधळा. आपली रेषा छापलेली त्याला दिसली नाही.

८ जानेवारी १६४२ रोजी तो गेला. शेवटच्या महिन्यांत सोबत असलेल्या तोरिचेल्लीने तिरक्या फेकीचं राहिलेलं काम पुढे नेऊन १६४४ मध्ये छापलं.

तुमच्या फोनमध्ये गॅलिलिओ

साध्या गेममध्ये प्रत्येक फ्रेमला दोनच कामं होतात. आडवं अंतर ठरावीक वाढवा. उभा वेग थोडा कमी करा आणि त्याप्रमाणे उंची बदला. दोन वेगळे हिशेब, एक रेषा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नाव घेवो न घेवो, युक्ती गॅलिलिओचीच.

स्वतः करून बघायचंय? फोन स्टँडवर घट्ट ठेवा, स्लो-मोशन चालू करा आणि मित्राला भिंतीसमोर टेनिसचा चेंडू तिरका फेकायला सांगा. स्क्रीनवर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून दर काही फ्रेम्सनंतर चेंडूच्या जागी स्केचपेनने टिंब द्या. वरच्या टोकापासून मोजायला लागा. आडवी अंतरं सारखी येतील, उभी साधारण १, ३, ५, ७ या प्रमाणात. अगदी तंतोतंत येणार नाहीत. जो फरक येईल तो खाली लिहून ठेवा, त्यानेही लिहिला होता.