बंदुकीची माशी आणि बावीस वर्षांचा नाईक : व्हीसी यशवंत घाडगे

बेळगाव : निपाणी, चिकोडी, खानापूर भागातला पोरगा भरतीच्या तयारीला लागला की घरात बेळगावच्या मराठा सेंटरचं नाव निघतंच. त्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 10 जुलै हा त्यांचा स्मृतिदिन.

घाडगेंचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. पुढे ते 5 व्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या 3 ऱ्या बटालियनमध्ये शिपाई झाले. 1922 पासून या रेजिमेंटचं प्रशिक्षण बेळगावातच चाले. कोकण असो की देश, मराठा रंगरूट घडायचा तो इथल्या कॅम्पात.

त्या काळी रंगरुटाच्या हाती .303 ली-एनफिल्ड रायफल असे. दुर्बीण नाही, नळीच्या टोकाला माशी आणि मागे खाच, एवढ्यावरच नेम. पण प्रत्येक रायफल थोडी वेगळी आणि प्रत्येकाचा खांदा, गाल, डोळाही वेगळा. म्हणून आधी रायफल शून्यावर आणायची, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असं करून घ्यायचं.

हे काम 25 यार्डांसारख्या जवळच्या चांदमारीवर सुरू होतं, कारण तिथे गोळीची भोकं स्पष्ट दिसतात. एकाच खुणेवर चार-पाच गोळ्या झाडायच्या. भोकं विखुरली तर दोष रायफलीला देण्याआधी श्वास आणि घोड्यावरचं बोट तपासायचं. भोकं एका जागी, पण खुणेपासून दूर पडली, तरच माशीला हात. नियम साधा : गोळी जिकडे चुकते तिकडेच माशी न्यायची. डावीकडे गेली तर माशी डावीकडे, वर गेली तर जास्त उंचीची माशी. हे काम आर्मररचं.

25 यार्डांवर 1 इंचाची चूक 100 यार्डांवर 4 इंच होते आणि 300 यार्डांवर 12 इंच. शिवाय नळी माशीच्या खाली असते, म्हणून गोळी नजरेच्या रेषेला खालून छेदत वर जाते आणि लांबवर परत उतरते. त्यामुळे जवळ जुळलं तरी लांबच्या रेंजवर पडताळणी करावीच लागते.

घाडगेंची बटालियन 1941 मध्ये इरिट्रियातल्या केरेनला लढली होती. 1944 मध्ये ती इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पोचली. 10 जुलैला घाडगेंच्या हाताखालच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले.

घाडगे एकटेच मोर्चावर धावले. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, मग आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. एवढ्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय 22.

नोव्हेंबर 1944 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. 1945 साली व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते तो पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. पदक घरी आलं, माणूस आला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनीही इटलीतच हा मान मिळवला. ते मात्र जिवंत परतले आणि 1984 पर्यंत जगले.

घाडगेंचं नाव आज इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर कोरलेलं आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे.