महर्षी कर्व्यांच्या शाळेला लोक दिवाळीत ओवाळणी घालायचे, ती भानगड काय होती?

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर नावाचा तालुका आहे. गंमत म्हणजे तालुका केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्यात. नागपूर-हैदराबाद हायवेवरून जाताना लोकांना केळापूर आठवतं ते जगदंबेच्या देवळासाठी. नवरात्रात इथं आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, दुकानं लागतात, गाव भरून जातं.

त्यानंतर दसरा होतो, शेतात सीतादही होते आणि कापसाची वेचणी सुरू होते. दिवाळीच्या आगेमागे पहिला कापूस विकला की घरात जरा पैसा दिसतो.

आणि नेमक्या ह्याच दिवसांत आमच्याकडं दारावर पावतीपुस्तकं येतात. दुर्गादेवीची वर्गणी, भागवत सप्ताहाची वर्गणी आणि कधीकधी शाळेची वर्गणी. कुठं वर्गखोलीला रंग द्यायचा असतो, कुठं टीव्ही घ्यायचा असतो, कुठं नुसती पाण्याची टाकी बसवायची असते. जिल्हा परिषदेच्या शाळांनी लोकवर्गणीतून असं बरंच काही उभं केलंय.

गुरुजी हातात पावतीपुस्तक घेऊन फिरतात. कोणी शंभर देतं, कोणी पन्नास देतं, कोणी कापूस विकल्यावर या म्हणून सांगतं.

आता विषय असा की, शाळेसाठी दिवाळीत दारोदार जाऊन थोडे थोडे पैसे गोळा करायची ही पद्धत एका शाळेनं शंभर वर्षांपूर्वी राज्यभर नेली होती. त्या शाळेतल्या बऱ्याच मुलींना दिवाळीला जायला माहेर नव्हतं. आणि ती शाळा काढणाऱ्या माणसाला त्याच्याच गावानं वाळीत टाकलं होतं.

तो माणूस म्हणजे धोंडो केशव कर्वे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

देवळात पेपर वाचणारा पोरगा

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. आजोळ शेरवली, गाव मुरूड. हे मुरूड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीजवळचं. घरची परिस्थिती बेताची.

गावात सोमण गुरुजी होते. गावासाठी काहीतरी करत राहायचं हे वेड त्यांनी ह्या पोराला लावलं. मुरूडच्या दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम धोंडूकडं आलं. शाळा, देऊळ आणि गाव या तीन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्याला तिथंच कळलं असावं.

सहावीच्या परीक्षेसाठी तो शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला. वय १७ पूर्ण हवं होतं. वय बसत होतं, पण अंगानं किरकोळ असल्यानं साहेबांना काही तो सतरा वर्षांचा वाटला नाही. परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढं चालून आलेला पोरगा तसाच परत गेला आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाला.

पुढं मुंबईत शिकवण्या करत करत १८८४ मध्ये ते गणित घेऊन बीए झाले. पैसे मिळायला लागले तसं त्यांनी मुरूड फंड सुरू केला. गावातून बाहेर पडून कमावणाऱ्यांनी कमाईतला ठरलेला वाटा गावाच्या कामासाठी बाजूला काढायचा, अशी साधी कल्पना. आज गावाकडची पोरं पुण्यात नोकरीला लागली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून शाळेसाठी पैसे जमवतात ना, तसंच काहीसं.

गाव तुटलं

१८९१ साली अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. आधी हा विषय लोकमान्य टिळक शिकवायचे. त्याच वर्षी अण्णांच्या पत्नी राधाबाई वारल्या.

त्या काळात तिशीतल्या विधुरासाठी बारा-तेरा वर्षांची मुलगी बघायची पद्धत होती. अण्णांनी ठरवलं, लग्न करायचं तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. ११ मार्च १८९३ ला दोघांचं लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, पुढं सगळ्यांच्या बाया.

ज्या मुरूडसाठी फंड काढला, त्या मुरूडनं अण्णांवर बहिष्कार टाकला. घरच्यांनाही त्याची झळ बसली. म्हाताऱ्या आईला मुलाशी मोकळेपणानं बोलायची चोरी झाली.

इथं अण्णांच्या लक्षात एक गोष्ट आली. विधवांची लग्नं लावून देणं बरोबर आहे, पण त्यानं किती जणींचं आयुष्य बदलणार? शिक्षण मिळालं तर बाई स्वतःच्या पायावर उभी राहील. मग लग्न करायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल.

म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम ही संस्था उभी राहिली. सुरुवातीला अण्णांनी स्वतःची साठवलेली १००० रुपयांची पुंजी दिली.

सहा एकर माळ आणि एक झोपडी

आश्रम आधी पुण्यात होता. पण प्लेगनं शहर उठवलं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला आपली सहा एकर जमीन दिली. १९०० साली तिथं एक झोपडी बांधली. आजूबाजूला माणूस नाही, दिवा नाही, धड रस्ता नाही. हेच आजचं पुण्यातलं कर्वेनगर.

अण्णांचा दिनक्रम बघा. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं. संध्याकाळी चारेक मैल चालत हिंगण्याला जायचं, लागेल ते सामान सोबत न्यायचं, मुलींना शिकवायचं आणि सकाळी परत कॉलेज गाठायचं. पावसाळ्यात तर हा रस्ता सगळा चिखलाचा.

आणि कॉलेजला सुट्टी लागली की? सुट्टीत झोळी घेऊन गावोगाव.

पैसे मागायला जाणं किती अवघड असतं, हे ज्यानं गणपतीची वर्गणी मागितलीये त्याला विचारा. अण्णा तर विधवांच्या शाळेसाठी पैसे मागत होते. समोरचा आधी हाच विचार करायचा, की हा माणूस आपल्या घरातल्या विधवेचं लग्न लावून देणार की काय. अण्णांचा स्वभाव मुळात लाजाळू, सभा गाजवणाऱ्यांतले ते नव्हते. तरी ते जात राहिले आणि मिळेल ती रक्कम घेऊन तिचा नीट हिशेब ठेवत राहिले.

आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवाच. त्या आश्रमात शिकल्या आणि नंतर आश्रमासाठी वर्गणी मागत फिरू लागल्या. एका विधवा बाईनं गावोगाव जाऊन लोकांसमोर उभं राहणं त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पुढं १९१८ मध्ये तर त्या अमेरिकेला जाऊन आल्या.

ह्याची किंमत कोणी मोजली?

अण्णांची गोष्ट सांगताना हा भाग बऱ्याचदा राहून जातो.

अण्णांनी स्वतःची ५००० रुपयांची विमा पॉलिसी आश्रमाच्या नावावर करून टाकली. बायांनी विचारलं असेल, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पोरांनी खायचं काय? प्रश्न चुकीचा नव्हता. घर त्याच चालवत होत्या. कमाई व्हावी म्हणून सुईणीचं काम त्या शिकल्या होत्या. बहिष्काराचे टोमणे त्यांनीही ऐकले होते.

दुसरं म्हणजे, देणगीदार आणि मुलींचे पालक बिथरू नयेत म्हणून आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून लांब ठेवला गेला. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाला आपल्या संस्थेसाठी ही तडजोड करावी लागली. आश्रमाचं दारही सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठीच उघडलं होतं. फुले दांपत्यानं ह्याच पुण्यात त्याच्या पन्नास वर्षं आधी सगळ्या जातींच्या मुलींसाठी शाळा काढल्या होत्या, हे लक्षात घेतलं तर ही मर्यादा आणखी ठळक दिसते.

वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेची अडचण हीच असते. पैसे देणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. आणि ती मर्जी एक-दोन माणसांच्या हातात असेल तर जास्तच.

पंधरा लाख आणि भाऊबीज

१९१६ मध्ये अण्णांनी महिला विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती, तिथून हे डोक्यात बसलं. सुरुवातीला विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावानं १५ लाख रुपयांची देणगी द्यायचं ठरवलं आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. हेच आपलं एसएनडीटी.

पण हिंगण्याचा आश्रम वेगळा होता. तिथल्या मुलींचं जेवणखाण, कपडे, शिक्षण हे रोजचे खर्च होते आणि ते दरवर्षी नव्यानं उभे करावे लागत.

ह्याच सुमारास, १९२० च्या आसपास, संस्थेनं भाऊबीज निधी सुरू केला.

कल्पना अगदी घरगुती आहे. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ ताटात जे जमेल ते घालतो. किती घातलं हे कोणी मोजत नाही, रिकामा हात मात्र कोणी परत नेत नाही. हिंगण्यातल्या कितीतरी मुलींना ओवाळायला भाऊच नव्हता, किंवा भाऊ असून त्याच्या घरी जागा नव्हती. मग आख्ख्या महाराष्ट्रालाच भाऊ करायचं आणि दिवाळीत घरोघरी जाऊन ह्या बहिणींची ओवाळणी मागायची.

ह्यात शहाणपण कुठं आहे बघा.

एक म्हणजे वेळ. खरिपाचं पीक घरात आलेलं असतं, नोकरदारही सणासाठी हात जरा सैल सोडतो. शाळेला सुट्टी असते, त्यामुळं शिकवणारी माणसं निधी मागायला बाहेर पडू शकतात.

दुसरं म्हणजे रक्कम. थोडे पैसे कोणीही देऊ शकतं. आणि हजारो घरांतून थोडे थोडे येत असतील, तर त्यातलं एक घर रुसलं म्हणून शाळा बंद पडत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. विधवेचं तोंड सकाळी बघू नये असं मानणाऱ्या समाजाला ही योजना तिचा भाऊ व्हायला सांगत होती. ओवाळणी म्हटल्यावर दान देणारा वर आणि घेणारी खाली, असं राहत नाही. भावाकडून घ्यायचा बहिणीचा हक्कच असतो.

भाऊबीज निधीची ही प्रथा महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं पुढंही चालू ठेवली.

७८ व्या वर्षी पुन्हा झोळी

अण्णा काही थांबले नव्हते. १९२९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते विद्यापीठाचं काम सांगायला आणि निधी गोळा करायला जगाच्या दौऱ्यावर निघाले. युरोप, अमेरिका, जपान झालं. बर्लिनमध्ये आइनस्टाइनला भेटले. नंतर आनंदीबाईंना घेऊन आफ्रिकेत गेले, तिथल्या भारतीयांकडून मदत आणली.

परत आल्यावर तरी आराम करावा की नाही? १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. कारण साधं होतं. लहान गावांमध्ये सरकारी शाळा पोचतच नव्हती. पोरं कमी म्हणून शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणून पोरं अडाणी.

अण्णांनी आधी स्वतःच्या ७० रुपये पेन्शनमधले महिन्याला १५ रुपये ह्या कामासाठी बाजूला काढले. मग पुण्याच्या रस्त्यांवर फिरून लोकांकडं मागायला सुरुवात केली. ह्या मंडळानं चाळीसच्या आसपास खेड्यांत शाळा उघडल्या.

१९४४ मध्ये त्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला. हिंगण्याच्या सुरुवातीच्या काळात जे दार अर्धंच उघडलं होतं, ते उरलेलं उघडायचा प्रयत्न त्यांनी वयाच्या ८६ व्या वर्षी केला, असं म्हणता येईल.

१९५५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९५८ मध्ये शंभरी गाठली आणि त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला, वयाच्या १०४ व्या वर्षी, अण्णा गेले. तेव्हा दिवाळी होऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

हे केळापुरात बसून का सांगायचं?

कारण ७८ वर्षांच्या अण्णांना पडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

केळापूर तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे छोटी वस्ती, मोजकी घरं. तिथली शाळाही तेवढीच लहान. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार राज्य सरकारनं २०२३ मध्ये पुढं आणला, तेव्हा अशाच शाळांची चर्चा झाली. लहान पोरांनी रोज दुसऱ्या गावाला कसं जायचं, पावसाळ्यात नाला भरला तर काय, मुलींना पाठवतील का, हे ते प्रश्न.

शाळा चालवणं ही सरकारची जबाबदारी आहे, ती वर्गणीवर ढकलता येणार नाही. शिक्षकांचा पगार काही पन्नास-शंभराच्या पावत्यांतून निघत नाही. अण्णांच्या खेड्यांतल्या शाळांनाही शेवटी सरकारी व्यवस्थेचीच वाट बघावी लागली होती.

पण ज्या शाळेच्या टाकीसाठी, रंगासाठी, टीव्हीसाठी गावातल्या प्रत्येक घरानं थोडंफार घातलंय, ती शाळा बंद करायची कोणी भाषा केली तर त्या घरांना वाईट वाटतं. ती माणसं ग्रामसभेत उठून बोलतात. शाळा आपली आहे, हे त्यांना पावतीमुळं ठाऊक असतं.

ह्या दिवाळीत गुरुजी पावतीपुस्तक घेऊन दारात आले, तर कापूस विकल्यावर या म्हणण्याआधी हे एकदा आठवून बघा. जमेल तेवढं द्या, आणि पावती मात्र नक्की मागा. अण्णांनी हिशेब शेवटच्या पैशापर्यंत ठेवला होता.