डॉ. फ्रेडरिक बँटिंग : मधुमेहींना जीवदान देणारा शेतकरीपुत्र



दरवर्षी 14 नोव्हेंबरला आपल्या शाळांतून बालदिन साजरा होतो. पंडित नेहरूंच्या तसबिरीला हार घातला जातो, मुलांची भाषणे होतात, खाऊ वाटला जातो. याच तारखेला जगभर मधुमेह दिनही पाळला जातो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. 1891 साली याच दिवशी कॅनडा देशात एका शेतकऱ्याच्या घरी जो मुलगा जन्मला, त्याच्या खटपटीमुळे आज असंख्य मधुमेही माणसे जगत आहेत. डॉ. फ्रेडरिक बँटिंग हे त्याचे नाव. आज घराघरांत साखरेचा आजार शिरला असताना त्यांचे चरित्र आपण समजून घेतले पाहिजे.

ऑन्टॅरिओ प्रांतातील ॲलिस्टन गावाजवळ बँटिंग कुटुंबाची शेती होती. पाच भावंडांत फ्रेडरिक सर्वांत धाकटे. गुराढोरांत आणि शेतकामात त्यांचे बालपण गेले. शाळेत हुशार विद्यार्थी म्हणून त्यांची ख्याती नव्हती. टोरांटो विद्यापीठात ते प्रथम कला शाखेत गेले आणि पहिल्याच वर्षी नापास झाले. पुढे 1912 साली त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात डॉक्टर म्हणून गेले. 1918 साली फ्रान्समध्ये काम्ब्रे येथे स्वतःचा हात जखमी झाला असतानाही त्यांनी इतर जखमींवर उपचार चालू ठेवले, आणि त्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले.

वाचकहो, पदक मिळाले तरी पोट भरत नाही. 1920 साली त्यांनी कॅनडातीलच लंडन नावाच्या शहरात दवाखाना थाटला, तेव्हा रुग्णांची वाट पाहण्यात दिवस जाऊ लागले. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी त्यांनी तेथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकविण्याचे काम धरले. या अडचणीच्या दिवसांतच त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली.

त्या काळी मधुमेह म्हणजे काय होते, याची आज कल्पना येणार नाही. हा रोग नवा नव्हता. आपल्या प्राचीन वैद्यांनी त्याला मधुमेह हे नाव दिले होते, आणि इब्न सिना यांनीही आपल्या ‘अल्‌ कानून’ ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. पण उपाय कोणाजवळच नव्हता. लहान मुलाला हा रोग जडला की ते वर्ष-दोन वर्षांत दगावत असे. डॉक्टर फक्त एकच करू शकत : मुलाला जवळजवळ उपाशी ठेवून त्याचे आयुष्य थोडे लांबवीत. आपले लेकरू डोळ्यांदेखत झिजताना पाहणाऱ्या आईबापांचे दुःख किती मोठे असेल, याचा आपणच विचार करा.

1889 साली जर्मनीत मिन्कोव्हस्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. त्यावरून या ग्रंथीत साखर आवरणारे काहीतरी द्रव्य असले पाहिजे, हे स्पष्ट झाले. ते बाहेर काढण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. अडचण अशी की, तीच ग्रंथी अन्न पचविणारा तीव्र रसही तयार करते. 1920 सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस, विद्यार्थ्यांपुढील व्याख्यानाची तयारी करीत असताना, बँटिंग यांच्या मनात एक कल्पना आली. पाचक रस वाहून नेणारी नळी बांधून टाकली, तर रस करणारा भाग सुकून जाईल आणि उरलेल्या भागातून ते द्रव्य शाबूत मिळेल. मध्यरात्री उठून त्यांनी ही कल्पना वहीत टिपून ठेवली.

ती घेऊन ते टोरांटोचे नामांकित प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्याकडे गेले. बँटिंग यांना संशोधनाचा अनुभव नव्हता, त्यामुळे प्राध्यापक साशंक होते. तरीही त्यांनी प्रयोगशाळेची खोली, काही कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा 22 वर्षांचा विद्यार्थी मदतीला दिला. 1921 सालच्या मे महिन्यात काम सुरू झाले. उन्हाळा कडक, शस्त्रक्रिया अवघड. बरेच कुत्रे दगावले. पण प्रत्येक वेळी रक्तातील साखर मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा, हा नेम दोघांनी सोडला नाही. जुलैच्या अखेरीस मधुमेही कुत्र्याला अर्क टोचल्यावर त्याची साखर उतरली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बँटिंग यांची मूळ कल्पना पुढे अनावश्यक ठरली. नळी न बांधताही, खाटिकखान्यातून आणलेल्या स्वादुपिंडापासून अर्क काढता येतो, हे त्यांना आपल्याच प्रयोगांतून कळले. त्यांनी हट्ट धरला नाही. प्रयोगाने जे दाखविले ते मान्य केले आणि ते पुढे गेले.

आता खरा प्रश्न शुद्धीकरणाचा होता. आपल्या माण, आटपाडी, खानापूर भागातील कित्येक कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पसरली आहेत. जुन्या सोन्यातून हीण वेगळे काढून चोख सोने हाती देणे हे किती जोखमीचे काम आहे, हे त्यांना सांगायला नको. हेच काम कॉलिप या रसायनतज्ज्ञाने केले. 1922 सालच्या 11 जानेवारीला लेनर्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले, पण अर्क अशुद्ध असल्याने गुण आला नाही, उलट टोचलेल्या जागी गळू झाले. कॉलिप यांनी अल्कोहोलचे प्रमाण कमीजास्त करून अर्कातील हीण वेगळे केले. 23 जानेवारीला हा शुद्ध अर्क टोचल्यावर मुलाची साखर उतरली आणि त्याच्यात तरतरी आली. पुढे तो मुलगा तेरा वर्षे जगला.

1923 साली बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेस्टचे नाव वगळल्याचा बँटिंग यांना संताप आला आणि त्यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम त्याला दिली. मॅक्लिऑड यांनीही आपली निम्मी रक्कम कॉलिप यांना दिली. या चौघांत मानापमानाचे वाद पुष्कळ झाले, हे लपविण्याचे कारण नाही. रुमानियातील पाउलेस्कू यांनीही 1921 सालीच असे प्रयोग प्रसिद्ध केले होते, पण त्यांच्या वाट्याला मान आला नाही. मात्र एका बाबतीत टोरांटोच्या मंडळींचे मोठेपण मानलेच पाहिजे. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी पेटंटचे हक्क अवघ्या एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले.

इन्सुलिनची सुई आपल्याला चालते काय, असा प्रश्न आपल्या घरांतून विचारला जातो. पूर्वी इन्सुलिन बैल व डुक्कर यांच्या स्वादुपिंडापासून काढीत, म्हणून ही शंका निघे. 1982 सालापासून मात्र जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून तयार करविलेले, मानवी इन्सुलिनसारखेच इन्सुलिन बाजारात आले आणि आज बहुतेक ठिकाणी तेच वापरले जाते. तेव्हा शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे, आलिमांचा सल्ला घ्यावा, पण सुई परस्पर बंद करू नये. रमजानच्या रोज्यांबाबतही हेच. महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा व वेळ ठरवून घ्यावी.

बँटिंग यांच्या कामातून निघालेला एक धागा आज कोठवर पोहोचला आहे, ते पाहा. स्वादुपिंडाचा अर्क टोचल्यावर कधीकधी साखर उतरण्याऐवजी आधी थोडी चढते, असे संशोधकांना आढळले होते. 1923 साली किंबॉल व मर्लिन यांनी त्यामागील द्रव्याला ग्लुकॅगॉन हे नाव दिले. इन्सुलिनच्या दृष्टीने ते हीणच होते. परंतु गलाईवाला भट्टीची राखही फेकून देत नाही, तीही धुऊन पाहतो. ग्लुकॅगॉन हाही एक संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन निघाला. 1980 नंतरच्या दशकात असे दिसून आले की, ग्लुकॅगॉन ज्या मोठ्या साखळीतून तुटून निघतो, तीतूनच आतड्यात जीएलपी-1 नावाचे दुसरे संप्रेरक तयार होते. जेवणानंतर ते इन्सुलिन वाढविते आणि भूक आवरते.

ही सर्व संप्रेरके पेप्टाइड वर्गातली, म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेल्या माळा. पेशीवर त्यांच्यासाठी ग्राही नावाची कुलपे असतात आणि प्रत्येकाला आपापली किल्ली लागते. शास्त्रज्ञांनी आता मण्यांची अशी जुळणी केली आहे की, एकच किल्ली दोन किंवा तीन कुलपे उघडते. टिर्झेपॅटाइड हे औषध जीएलपी-1 आणि जीआयपी या दोन संप्रेरकांची कुलपे उघडते. 2022 साली अमेरिकेत त्याला मधुमेहासाठी मान्यता मिळाली आणि 2025 साली ते भारतात आले. तिसरे कुलूप ग्लुकॅगॉनचे. तेही उघडणाऱ्या रेटाट्रुटाइडच्या माणसांवरील चाचण्यांचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. एकेकाळचे हीण असे कामाला लागले आहे.

या किल्ल्या पारखतात कशा? प्रथम एकाच जातीचे कुलूप असलेल्या पेशी काचपात्रात वाढवितात आणि मात्रा हळूहळू वाढवीत पेशीच्या आत किती इशारा पोहोचला ते मोजतात. असे प्रत्येक कुलपाचे वेगळे मोजमाप होते. मग एखादे कुलूप जन्मतःच नसलेल्या उंदरांना तेच पेप्टाइड देतात. परिणाम नाहीसा झाला, तर तो त्या कुलपामुळेच होता असे ठरते. वजन केवळ कमी खाल्ल्याने घटले की आणखी कशाने, हे कळावे म्हणून दुसऱ्या उंदरांना औषध न देता तितकेच मोजके खाणे देतात. शेवटी माणसांवर चाचण्या होतात आणि त्यांत काहींना औषध, तर काहींना नुसते पाणी टोचून तुलना करतात. टोरांटोच्या त्या खोलीत जी शिस्त होती, तिचेच हे वाढलेले रूप होय. म्हणून अशा चाचण्या पूर्ण न झालेली, केवळ प्रयोगशाळेसाठी म्हणून विकली जाणारी कुपी कोणी स्वस्तात देऊ केली, तर ती अंगात टोचून घेऊ नका.

आपला भाग कमी पावसाचा, माणसे काटक. साखरेचा आजार लठ्ठ शहरी लोकांचा, असा आपला समज असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बाळांचा अभ्यास 1993 साली हाती घेतला. आपल्याकडील बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यांना दिसून आले. तेव्हा अंगाने बारीक आहोत म्हणून बेफिकीर राहू नका. घरात कोणाला हा आजार असेल, तर इतरांनीही रक्त तपासून घ्यावे. गर्भवती मुलीसुनांच्या आहाराकडे लक्ष द्यावे.

बँटिंग पुढे संशोधन करीत राहिले. त्यांना चित्रकलेचा छंद होता. 1934 साली त्यांना सर ही पदवी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात कामगिरीवर इंग्लंडला निघाले असता न्यूफाउंडलंडमध्ये त्यांचे विमान कोसळले आणि 21 फेब्रुवारी 1941 रोजी, वयाच्या अवघ्या 49 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, एका वर्षी नापास झालात म्हणून स्वतःला कमी लेखू नका. पालकहो, मुलाच्या किंवा मुलीच्या एका निकालावरून तिचे शिक्षण थांबवू नका. नापास झालेल्या त्या मुलाला विद्यापीठाने आणि घराने पुन्हा संधी दिली नसती, तर लेनर्डसारखी किती लेकरे आईबापांना दुरावली असती? आपल्या मुलामुलींतूनही असे कोणी निघो, हीच अल्लाहपाशी दुआ.