बापूदेव शास्त्री : काशीतील मराठी गणितज्ञ



बापूदेव शास्त्री यांचा जन्म १८२१ साली पुण्यात झाला. नागपुरात शिकताना त्यांनी भास्कराचार्यांचे ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ अभ्यासले. सिहोरचे इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांची बुद्धी हेरली आणि १८३८ मध्ये त्यांना तेथील संस्कृत पाठशाळेत नेले. तेथे ते पाश्चात्त्य गणितही शिकले. १८४२ मध्ये ते बनारसच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. मातृभाषा मराठी, पण तेथील मुलांसाठी त्यांनी हिंदीत बीजगणिताचे पुस्तक लिहिले. भालकी-औरादकडच्या आपल्या मुलांना हे विशेष जवळचे वाटेल.

१८५८ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. ग्रहाची गती सतत बदलते. म्हणून भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त एका क्षणाची, म्हणजे तात्कालिक गती काढली आहे. यावरून त्यांना चलन-कलन (डिफरन्शियल कॅल्क्युलस) अवगत होते, असे शास्त्रीजींनी मांडले. हे गणित न्यूटन व लायब्निझ यांचे मानले जाई. म्हणजे दावा मोठाच होता!

त्या काळी इंग्लंडमध्ये विद्वानांचे लेख दुसऱ्या विद्वानांकडून तपासून घेण्याची पद्धत रुजत होती. रॉयल सोसायटीत ती १८३२ च्या सुमारास सुरू झाली. शास्त्रीजींच्या लेखाची तपासणी मात्र छापून आल्यावर झाली. १८६० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात गणितज्ञ विल्यम स्पॉटिसवूड यांनी त्यावर मत दिले. त्यांच्या मते दावा जरा जास्तच होता, कारण अतिसूक्ष्म राशींची कल्पना भास्कराचार्यांनी स्पष्ट मांडलेली नाही. परंतु त्यांचे सूत्र व ते सिद्ध करण्याची रीत यांचे कॅल्क्युलसशी खरे साम्य आहे, आणि नेमके या सूत्राकडे शास्त्रीजींनी फारसे लक्ष दिले नाही, असेही त्यांनी दाखविले.

या टीकेने शास्त्रीजींचा मान कमी झाला नाही. १८६४ मध्ये त्याच सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्य केले. १८८७ मध्ये ते महामहोपाध्याय झाले. १९०० साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आपल्या पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगा, पण तो तपासून घेण्याची तयारीही ठेवा. परीक्षकाने जादाचे काढून टाकले, तरी भास्कराचार्यांचे खरे श्रेय शिल्लक राहिलेच. वहीतील लाल शाईकडेही याच दृष्टीने पाहावे, ही विनंती.

— मुख्याध्यापक