ॲलन ट्युरिंग : प्रश्न नेमका मांडणारा गणिती

१९३५ साली केंब्रिज विद्यापीठात मॅक्स न्यूमन गणिताच्या पायाविषयी व्याख्याने देत होते. ऐकणाऱ्यांत बावीस वर्षांचे ॲलन ट्युरिंग होते. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांच्या एका प्रश्नाची तिथे चर्चा झाली. गणितातले एखादे विधान तर्काने सिद्ध होते की नाही, हे दर वेळी हमखास सांगणारी एखादी ठरावीक रीत असू शकते का, हा तो प्रश्न. रीत सापडली तर दाखवता येईल. पण ती नाहीच, हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी आधी रीत म्हणजे काय, हे नेमके सांगावे लागते. घोडे तिथेच अडले होते.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकरीत होते. आई-वडील भारतात आणि मुले इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असे त्यांचे बालपण गेले. शाळेत ख्रिस्तोफर मॉरकॉम हा विज्ञानवेडा मुलगा त्यांचा जिवलग मित्र झाला. १९३० साली तो क्षयाने गेला. लहानपणी प्यायलेल्या गायीच्या दूषित दुधातून त्याला हा रोग झाला होता. शरीर संपल्यावर मनाचे काय होते, हा प्रश्न त्यानंतर ट्युरिंग यांच्या डोक्यात बराच काळ राहिला.

हिल्बर्ट यांच्या प्रश्नाकडे त्यांनी अगदी साध्या बाजूने पाहिले. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा माणूस. हा माणूस प्रत्यक्षात काय करतो? कागदावरचे एक चिन्ह पाहतो, आपण कोणत्या पायरीवर आहोत हे लक्षात ठेवतो, चिन्ह खोडतो किंवा लिहितो आणि शेजारच्या चौकटीकडे वळतो. एवढेच काम करणारे, लांबलचक पट्टीवर चालणारे एक काल्पनिक यंत्र ट्युरिंग यांनी मांडले. या यंत्राला जे जमते, ती रीत. व्याख्या हाती आल्यावर उत्तरही मिळाले. असे कोणतेही यंत्र सोडवू शकणार नाही असे प्रश्न असतात, हे त्यांनी १९३६ च्या निबंधात सिद्ध केले. अमेरिकेतील अलोन्झो चर्च वेगळ्या वाटेने त्याच उत्तरापर्यंत थोडे आधी पोहोचले होते. पण ट्युरिंग यांच्या निबंधात आणखी एक गोष्ट होती. वेगवेगळ्या सूचना दिल्या तर एकच यंत्र वाटेल ते हिशेब करू शकते. आपल्या खिशातला मोबाइल याच कल्पनेवर चालतो.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ते ब्लेचली पार्क येथे दाखल झाले. जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची गुप्तलिपी फोडायची होती. पोलंडच्या गणितींनी त्यात आधीच मोठी मजल मारली होती. यंत्राच्या मांडण्या इतक्या, की बरोबर कोणती हे एकेक तपासून शोधणे अशक्य. ट्युरिंग यांनी प्रश्न उलटा केला : कोणत्या मांडण्या असूच शकत नाहीत? संदेशात अमुक शब्द असणार असा अंदाज धरायचा आणि त्याच्याशी विसंगत ठरणाऱ्या मांडण्या यंत्राकरवी बाद करत जायचे. निदान करताना डॉक्टर एकेक शक्यता वगळत जातात, तशीच ही पद्धत.

युद्धानंतर खरे संगणक तयार होऊ लागले आणि आज्ञावलीतील चुका ही नवी डोकेदुखी उभी राहिली. १९४९ मध्ये ट्युरिंग यांनी या विषयावर छोटासा निबंध सादर केला. संपूर्ण आज्ञावली बरोबर आहे का, हा प्रश्न एका दमात सुटत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने ठिकठिकाणी, इथे पोहोचल्यावर काय खरे असायला हवे, ते नोंदवावे. तपासणाऱ्याने एकेक नोंद वेगळी पडताळावी. मोठ्या बेरजेत प्रत्येक रकान्याची बेरीज वेगळी लिहून ठेवली की तपासणी सोपी होते, हाच दाखला त्यांनी दिला होता. सॉफ्टवेअर तपासण्याच्या आजच्या शास्त्रात या निबंधाला मानाचे स्थान आहे.

१९५० साली यंत्र विचार करू शकते का, या वादात त्यांनी विचाराची व्याख्या करत बसण्याऐवजी एक चाचणी सुचवली. पडद्याआडच्या लेखी उत्तरांवरून समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखता येते का ते पाहावे. १९५२ मध्ये त्यांचा जीवशास्त्रावरचा निबंध प्रसिद्ध झाला. सारख्या दिसणाऱ्या पेशींच्या समूहात नक्षी कशी उमटते? एकमेकांवर क्रिया करणारी आणि वेगवेगळ्या गतीने पसरणारी दोन रसायने पुरेशी आहेत, हे त्यांनी गणिताने दाखवले.

त्याच वर्षी त्यांच्या घरी चोरी झाली. पोलिसांच्या चौकशीत त्यांचे एका पुरुषाशी असलेले संबंध उघड झाले. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्याने तो गुन्हा होता. तुरुंग टाळायचा तर उपचार घ्या, असा पर्याय न्यायालयाने ठेवला. वर्षभर त्यांना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक देण्यात आले. त्यामुळे त्यांचे स्तन वाढले. सरकारी गुप्तलिपीचे कामही बंद झाले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. वय होते ४१. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. आईला मात्र तो अपघात वाटत होता.

त्या उपचारामागे डॉक्टर होते, औषध होते, मात्राही ठरलेली होती. फक्त आजार नव्हता. इच्छा कशी दाबायची, याचे उत्तर वैद्यकाने शोधले होते. मुळात हा रोग आहे का, हे विचारलेच नव्हते. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. ट्युरिंग यांना ब्रिटनच्या राणीने माफी दिली ती २०१३ मध्ये, मृत्यूनंतर ५९ वर्षांनी. भारतात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध २०१८ साली गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तरीही यावर उपचार करून द्या, अशी मागणी घेऊन आई-वडील आजही मुलांना दवाखान्यात आणतात. अशा वेळी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी इथे आजार कोणता, एवढे विचारणे डॉक्टरांचे काम आहे.